धर म्हटल्यावर

कप्तानांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि बहात्तर वर्षं साठवलेले शब्द एका सकाळी वाहून गेले. मुलांची नावं गेली, स्वतःचं नाव गेलं, वारलेल्या बायकोचं गेलं. शिव्याही गेल्या, आणि शिव्यांचा त्यांच्याकडे चांगला भरपूर साठा होता. उरला एकच शब्द: धर.

पाणी हवं असलं तरी धर, नको असलं तरी धर. डॉक्टर तपासायला वाकले, तेव्हा कप्तान इतक्या करड्या आवाजात धर म्हणाले की डॉक्टरांनी दचकून खाटेचा दांडाच धरला. वॉर्डातल्या पेशंटांना दोन दिवस हसायला विषय मिळाला. कप्तानांच्या धाकट्या मुलाला मात्र हसू आलं नाही. जगात इतके शब्द पडले होते, त्यातला नेमका हाच मागे राहावा, म्हणजे नशिबाने आपल्यावर डूख धरला आहे असं त्याला वाटलं. तसं त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्याची सवय त्याने अकरा वर्षांपूर्वीच सोडली होती.

कप्तानांना घरी आणलं. घर म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या. खाली ताई, म्हणजे कप्तानांची थोरली मुलगी, फाटलेली जाळी सांधायची आणि वर तिचा संसार होता. तिच्या नवऱ्याने कधीच दुसरी वाट धरली होती, तेव्हा संसार म्हणजे ती आणि बाबा. आता खिडकीजवळ दवाखान्यातली असते तशी लोखंडी खाट आली, तिला बाजूने दांडा, आणि समोर उंच पाठीची खुर्ची. कप्तानांचा उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेला होता. डाव्यात मात्र अजून जुना जोर होता.

आठवड्यातून दोनदा वाचा सुधारायला एक बाई यायच्या. त्यांच्या कामाचं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात त्या वाचाबाई झाल्या. त्यांच्याकडे एक वही होती. कप्तान धर म्हणाले की त्या वेळी समोर काय होतं, आवाज चढा होता की उतरता, नजर कुठे होती, हे सगळं त्या त्यात टिपून ठेवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाकडे एकच शब्द राहिला म्हणजे एकच अर्थ राहिला असं नाही. अर्थ सगळे आत आहेत, दार तेवढं एक उरलं आहे. एके दिवशी त्यांनी धाकट्याला समोर बसवलं आणि बोटीवर हा शब्द कशाकशाला वापरायचे ते विचारलं.

धाकटा सांगत गेला. दोर फेकला की धर. धक्क्याला लागताना लांब काठीच्या आकड्याने कडी पकडायची, तेव्हा धर. सुकाणू दुसऱ्याच्या हातात देताना धर, आणि दिलेली दिशा सोडू नकोस म्हणूनही धरच. जाळं जड होऊन वर येत असलं तर धर म्हणजे थांब, घाई करशील तर फाटेल. चहाचा पेला पुढे केला तरी धर. वादळात एखाद्याची गाळण उडाली की कप्तान त्याच्याकडे न बघताच धर म्हणायचे; तिथे आधीचा ‘धीर’ गाळलेला असायचा, कारण वाऱ्यात दोन शब्द बोलायला सवड नसते. आतून ताई म्हणाली, आपण तरी दुसरं काय करतो, राग धरतो, हट्ट धरतो, अबोला धरतो, आणि एकदा धरलं की सोडायचं नाव घेत नाही. वाचाबाई हसल्या आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, की धर म्हटल्यावर समोरचा काय म्हणायचा.

धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत घालत होतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “धरायचा.”

“काही नाही कसं?” ताई हात पुसत बाहेर आली. “‘धरलं’ म्हणायचं असतं. ते ऐकल्याशिवाय देणारा हातातलं सोडत नाही. एवढं कसं विसरलास?”

बोटीवरचा पहिला नियम तोच होता. पाय ठेवायला जागा नसते, हात ओले असतात, इंजिनाचा आवाज असतो, आणि दोन माणसांच्या मध्ये कधी चाळीस किलोची टोपली असते, कधी ताणलेला दोर. देणारा धर म्हणतो. घेणारा आधी घट्ट धरतो, मग धरलं म्हणतो. ते कानावर आलं की मगच देणारा सोडतो. बघून सोडायचं नाही, अंदाजाने सोडायचं नाही. कप्तानांच्या बोटीवर नवा माणूस आला की पहिला महिनाभर त्याला एवढंच शिकवत, आणि तेही चहाच्या पेल्यावर. धरलं न म्हणता पेला ओढणाऱ्याला चहा मिळत नसे.

दवाखान्यात हे कुणाला ठाऊक असणार. तिथे कप्तानांना खाटेवरून खुर्चीत बसवायचं म्हणजे युद्धप्रसंग. ते डाव्या हाताने दांडा पकडून ठेवायचे, धर धर म्हणत राहायचे, आणि दोन धडधाकट वॉर्डबॉय त्यांची बोटं एकेक करून उचकटायचे. बोटांची सालपटं निघाली होती. म्हातारा हट्टी आहे, डोक्यावर परिणाम झाला आहे, असं ठरूनही गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताई तिथे होती. तिने वॉर्डबॉयना बाजूला केलं, वडिलांच्या कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि मोठ्याने धरलं म्हणाली. दांड्यावरची बोटं आपोआप उघडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि ताईला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

पण ताईचं शरीरही काही लोखंडाचं नव्हतं. ओली जाळी ओढून ओढून तिला हर्निया झाला होता, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आणून ठेवलं. त्यानंतर दोन महिने तिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती. म्हणून धाकटा रजा काढून तिथे राहायला आला. गावाच्या टोकाला आजाऱ्यांना सांभाळणारं एक केंद्र होतं, तिथे एक खाट रिकामी झाली होती. केंद्राच्या बाई बुधवारी दहाला येऊन बघणार होत्या. मुलाला एकट्याने वडिलांना खाटेवरून खुर्चीत नेता आलं तर ते घरी राहतील, नाहीतर त्याच दिवशी गाडी येईल. ताईने केंद्राचं माहितीपत्रक आणलं होतं. त्यात एक फोटो होता. कापडी झोळीत घातलेला एक म्हातारा, झोळी यंत्राच्या आकड्याला लटकवलेली, आणि शेजारी हसरी नर्स. कप्तानांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मासळीने भरलेलं जाळं त्यांनी जन्मभर असंच उचललं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि धर म्हणाले. तो धर वाचाबाईंच्या वहीत नव्हता, पण त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

रविवारपासून धाकट्याची तालीम सुरू झाली. अंगात ताकद होती, तंत्रही त्याने नीट शिकून घेतलं होतं. आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लावायचे, पट्टा दोन्ही हातांनी पकडायचा, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर येऊ द्यायचं आणि वळायचं. सगळं व्हायचं. मग कप्तान कानाशी धर म्हणायचे, आणि धाकटा म्हणायचा, “घेतलं, बाबा.” बोटं दांड्यावर तशीच. “पकडलंय.” तशीच. “हो, आहे मी, सोडा.” त्यावर ती आणखी आवळायची. सोमवारी त्याने मुकाट्याने जोर लावून बघितला, तेव्हा खाटच जागची सरकली. कप्तान त्याच्याकडे बघत राहायचे. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटायचं.

मंगळवारी ताईचा बांध फुटला.

“एक शब्द आहे तो,” ती म्हणाली. “तुझ्या बापाला तेवढाच हवाय. तोंडातून निघत नाही तुझ्या? उद्या त्यांना त्या झोळीत घालून नेतील, ते बघायला मी असणार आहे. तू नोकरीवर परत जाशील.”

ताईला माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नव्हतं ही चूक तिची नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी बोटीवर तिघं होते. कप्तान सुकाणूवर, मागच्या बाजूला दादा आणि धाकटा. दादा म्हणजे दोघांमधला थोरला, ताईच्या पाठचा. दिवसा उजेडी, स्वच्छ उन्हात, जाळं आत घ्यायचं काम चाललं होतं. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून त्याच्या दोन बाजूंना जड फळ्या असतात, लोखंडाच्या कडा लावलेल्या. त्यातली एक वर आली होती आणि दादाने तिचा दोर खुंट्याला वेढा देऊन रोखून धरला होता. धाकट्याने साखळीचा आकडा फळीच्या कडीत अडकवायचा, मग दादाने दोर सोडायचा. हजार वेळा केलेलं काम. दादा म्हणाला, धर. धाकटा म्हणाला, धरलं.

आणि आकडा अजून त्याच्या हातात होता.

खोटं बोलायचा त्याचा इरादा नव्हता. हजार वेळा म्हटलेला शब्द हाताच्या आधी तोंडातून निघून गेला, एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक चेष्टेत म्हणतात. दादाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, भावाने धरलं म्हटल्यावर बघायचं काय? त्याने दोर सोडला. लाट आली, फळी फिरली आणि दादाच्या छातीवर बसली. फळी आणि दादा एकदमच पाण्यात गेले. दादा दुसऱ्या दिवशी सापडला.

बंदराच्या कचेरीत चौकशी झाली. कप्तानांनी साखळीचा आकडा टेबलावर ठेवला. आकडा झिजलेला आहे, तो बदलायचं काम माझं होतं, चूक माझी, एवढंच ते म्हणाले. आकडा झिजलेला होता हे खरंच होतं. साहेबांनी लिहून घेतलं, कप्तानांनी सही केली आणि सुकाणूचा परवाना स्वतःहून परत दिला. धाकटा शेजारच्या बाकावर मूग गिळून बसला होता. आता सांगू, मग सांगू, असं म्हणता म्हणता साहेब जेवायला उठले. कप्तान त्यानंतर कधी बोटीवर चढले नाहीत. झिजलेल्या आकड्याने आपला मुलगा गेला, असं बाबा मनात धरून बसले आहेत, हे धाकट्याला रोज दिसायचं आणि रोज त्याला आपली लाज वाटायची.

त्याने समुद्र सोडला आणि आत, पाणी दिसणार नाही इतक्या लांब, एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी पकडली. त्या यंत्राला उत्तर द्यावं लागत नाही. गोदामात कुणी काही हातात दिलं तर तो नुसतं घ्यायचा; तिथे त्याचं नाव ‘मुका’ पडलं होतं. सणासुदीला घरी आला की बाप आणि मुलगा हवेविषयी बोलायचे. हवेविषयी किती बोलता येतं, ते अशा घरातल्या माणसांना विचारावं.

बुधवारी सकाळी ताई रक्त तपासायला दवाखान्यात गेली. नऊ वाजले होते. कप्तानांची दाढी झाली होती, सदरा बदलला होता. खाटेच्या काठावर ते पाय सोडून बसले होते आणि डावा हात दांड्यावर होता. धाकट्याने गुडघे लावले, पट्टा पकडला. कप्तानांचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. साबणाचा वास होता.

“धर,” कप्तान म्हणाले.

धाकटा तसाच वाकून उभा राहिला. एक तास उरला होता, आणि तो शब्द म्हटला की काम होणार होतं. नुसतं काम उरकायला तो शब्द पुन्हा वापरायचा, हे त्याला जमेना. मग जे अकरा वर्षं निघालं नव्हतं ते निघालं, वडिलांच्या कानात, समोर भिंत असताना.

“बाबा, आकड्याने काही झालं नाही. मी तो कडीत अडकवलाच नव्हता. माझ्या हातातच होता. दादा धर म्हणाला आणि मी नुसता धरलं म्हणालो. त्याने माझ्या शब्दावर सोडलं.”

खाली गोदामाचं दार कुणीतरी सरकवलं. वडिलांना कळलं की नाही, डॉक्टर म्हणतात तसं त्यांना सगळं समजतं की निम्मंच समजतं, याचा अंदाज घ्यायला धाकट्याने मान मागे केली.

कप्तान त्याच्याकडेच बघत होते. त्यांना धक्का बसला नव्हता. त्यांनी मान किंचित खाली केली आणि पुन्हा वर घेतली. रेडिओवर हवामान सांगत असले, की आभाळ आधीच बघून ठेवलेले कप्तान अशीच मान हलवायचे. सुकाणूच्या खोलीला मागे बघायला एक खिडकी होती. धाकट्याला ती आत्ता आठवली. धरलं हा शब्द त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि मोकळी साखळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. टेबलावर आकडा त्यांनी सगळं माहीत असून ठेवला होता.

क्षमा त्याने मागितली नाही, आणि तो शब्दही म्हटला नाही. तो पट्टा पकडून उभा राहिला, एवढंच. आणि तेवढ्यात कप्तानांनी दांडा सोडला.

चाळीस वर्षं त्यांनी उत्तर ऐकल्याशिवाय काही सोडलं नव्हतं. पेला नाही, दोर नाही, अर्ध्या शरीराने पांगळं झाल्यावर खाटेचा दांडासुद्धा नाही. आता कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्यांनी सोडलं. सगळं वजन एकदम धाकट्याच्या हातांवर आलं. बाबा हलके झाले असतील असं त्याने धरून चाललं होतं, ते तसे नव्हते. तो डगमगला, पाय रोवले, पट्टा इतका घट्ट आवळला की बोटं पांढरी पडली. मग तो वळला आणि त्याने त्यांना सावकाश खुर्चीत टेकवलं.

टेकवल्यावर त्याला रडू फुटलं. साठलेलं होतं, लवकर आवरलं नाही. कप्तान खिडकीबाहेर बघत बसले. माणूस रडत असताना त्याच्याकडे बघायचं नसतं, अशा वळणाचे ते होते. पण डावा हात त्यांनी मुलाच्या मानेवर ठेवला होता, आणि तो काढला नाही.

साडेनऊच्या सुमाराला धाकट्याने तोंड धुतलं आणि चहा केला. कप्तानांनी अर्धा प्यायला, अर्धा सदऱ्यावर सांडला आणि रिकामा पेला पुढे केला.

“धर.”

धाकट्याने आधी पेल्याला हात लावला, मग दुसरा हात लावला, पेला खरोखर आपल्या हातात आहे याची खात्री केली.

“धरलं,” तो म्हणाला. आवाज घोगरा आला, पण आला.

ताई तेव्हा जिन्यात होती आणि तिने ते ऐकलं. ती उरलेल्या पायऱ्या धावत चढून आली, तिला धावपळीची मनाई होती तरी. खुर्चीत बसलेल्या वडिलांना तिने पाहिलं, रिकाम्या खाटेकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं.

“म्हणालास ना शेवटी? एवढ्यासाठी चार दिवस माझा जीव खाल्लास.”

“तेव्हा नाही म्हणालो,” धाकटा म्हणाला. “त्यांनी तसंच सोडलं.”

ताईचं हसू गेलं. ती धक्क्यावर वाढलेली मुलगी होती. तिने वडिलांकडे बघितलं, मग भावाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

“तसंच?”

“तसंच. मी त्यांना दादाचं सांगितलं. तुलाही सांगायचंय.”

ताई खाटेच्या काठावर बसली. मग पर्समधून फोन काढून तिने केंद्राच्या बाईंना, यायची गरज नाही, असं कळवलं, आणि फोन बाजूला ठेवून भावाला म्हणाली, “बोल.”